सुपडूभाऊंनी डोक्यावरचा पदर काढला नाही

शेठचा फोन आला तेव्हा मी जळगावात एका नाट्यगृहाच्या दारात उभी राहून पत्रकं वाटत होते. शेठ म्हणजे धुळ्याला आग्रा रोडवर ज्यांचं साड्यांचं दुकान आहे ते, आणि ज्यांच्या गादीवर सुपडूभाऊंनी सगळी उमर साड्या दाखवल्या. फोन खांद्यात दाबून मी एकेकाच्या हातात कागद देत होते. "बेटी, आपला सुपडू गेला," शेठ म्हणाले. "सकाळी अंघोळ केली, कपडे घातले, चपला घालायला खाली वाकला... आणि गेला." मी "हो" म्हटलं. ते पुढे काही बोलले, मी पुन्हा "हो" म्हटलं. फोन खिशात टाकला आणि हातातला गठ्ठा वाटून संपवला. एक आजोबा पत्रक घेऊन "कशाबद्दल आहे?" असं विचारत होते, त्यांना मी नीट समजावूनही सांगितलं. गठ्ठा संपल्यावर हात रिकामे झाले, तेव्हा कुठे मला पायरीवर बसावंसं वाटलं. माणूस गेल्याचं कळल्यावर करायचं काय, हे मला कुणी शिकवलेलं नाही. पत्रक कसं वाटायचं ते शिकवलं आहे.

संध्याकाळपर्यंत आमच्या नाट्यगटाच्या व्हॉट्सअपवर 'लढवय्या रंगकर्मी हरपला' असं फिरायला लागलं. खाली फोटो होता आमच्या नाटकातलाच... मोकळे केस, कपाळभर कुंकू, हिरवी नऊवारी. तासाभराने त्यांच्या मुलाचा मेसेज आला, 'कृपया बाबांचा साधा फोटो टाकावा.' साधा फोटो कुणाकडेच नव्हता. सुपडूभाऊ लढवय्ये वगैरे काही नव्हते. मोर्च्याला बोलावलं की त्यांचे गुडघे दुखायचे. त्यांना टाळ्या आवडायच्या, पेपरात फोटो आवडायचा, आणि दुसऱ्या कुणाच्या कामाचं कौतुक झालं की ते हळूच उठून भजी आणायला जायचे. संवाद विसरले की डोळे मोठे करून थांबायचे आणि नंतर सांगायचे, "तो पॉज होता." 'लढवय्या' हा शब्द त्यांनी वाचला असता, तर दोन दिवस दुकानात सगळ्यांना दाखवला असता.

पुरवणीसाठी त्यांच्यावर लिही, असा निरोप आला तेव्हा संपादकांनी आपुलकीने सांगितलं, "तुझ्या नेहमीच्या धारेने लिही." नेहमीच्या धारेने लिहायला बसले आणि तीन आठवडे काही लिहिता आलं नाही. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. माझं नाव क्रांती, यावरून घराची कल्पना येईल. आमच्याकडे पाहुण्याला पाण्याच्या आधी पत्रक मिळायचं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बुवाबाजी, नवस, अंगात येणं, हुंडा अशा प्रत्येक विषयावर एका पानात बसेल एवढं लिहून ठेवलेलं आहे, आणि त्यातलं पुष्कळसं मला तोंडपाठ आहे. प्रश्न आला की मला उत्तर आधी दिसतं, प्रश्न नंतर. याचा मला फार दिवस अभिमान होता.

सुपडूभाऊ मला पहिल्यांदा दिसले ते त्यांच्या दुकानातच. मावसबहिणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही सगळ्या धुळ्याला गेलो होतो. गादीवर साड्यांचा ढीग पडला होता आणि नवरीला एकही पसंत नव्हती. तेव्हा हा पन्नाशीचा, पोट सुटलेला, कानात अत्तराचा बोळा घातलेला माणूस उठला, एक साडी उलगडून त्याने शर्ट-पँटवरच गुंडाळली, निऱ्या खोचल्या, पदर खांद्यावर घेतला आणि मान जराशी तिरपी केली. साड्यांच्या दुकानात असं सगळीकडेच करतात. पण त्या एका क्षणी तिथे एक लाजलेली नवरी उभी होती, आणि माझ्या मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. लगेच त्याने पदर काढला आणि म्हणाला, "फॉल-पिको आपल्याकडंच होईल." माझं नाटक तेव्हा नुकतंच लिहून झालं होतं आणि मी मुख्य भूमिकेसाठी पुरुष शोधत होते. बिल होईपर्यंत थांबून मी विचारलं, "नाटकात काम कराल का?"

"बाईचं?"

"हो."

"काही मिळंल?"

"नाही."

"पेपरात फोटो?"

"तो येईल."

"मग करतो ना," सुपडूभाऊ म्हणाले. "शेठ नाही म्हणाले तर तू त्यांना समजावजो."

त्या नाटकाच्या नावात दोन उद्गारचिन्हं होती. एका बाईच्या अंगात कानबाई, म्हणजे आमच्या खानदेशातली देवी, येते, तिचा नवरा आणि दीर त्यावर दुकान मांडतात, अशी गोष्ट. भूमिका पुरुषाने करायची, कारण शेवटी त्याने केसांचा टोप उपटून काढायचा, कुंकू पुसायचं आणि लोकांना सांगायचं की पाहा, तुम्ही ज्याला हात जोडलेत तो एक नट आहे, आणि तुमच्या गावातली देवीही अशीच एक नट आहे. पुढे दीड पानाचं भाषण. ही कल्पना माझी होती आणि मला ती जोरदार वाटायची. आबांनाही वाटायची. "शेवटी मुद्दा स्पष्ट झाला पाहिजे," ते म्हणायचे. तो अगदी स्पष्ट होता. पहिल्या पाच मिनिटांतच स्पष्ट होता.

जळगावला एका स्पर्धेत पहिला प्रयोग झाला तेव्हा नाट्यगृह भरलं होतं. दीपप्रज्वलन झालं, पाहुण्यांना रोपटी दिली, प्रास्ताविक लांबलं. नाटक सुरू झालं आणि टाळ्या सुरू झाल्या. नवऱ्याच्या लोभीपणाला टाळी, शेजारणीच्या टोमण्याला टाळी. देवी अंगात येते त्या प्रवेशात सुपडूभाऊंनी एवढं घुमून दाखवलं की टोप एका बाजूला सरकला, त्यालाही टाळी. शेवटच्या भाषणाला लोक उभे राहिले. मी विंगेत उभी होते आणि माझ्या अंगावर काटा वगैरे काही आला नाही. मला आमची सभा आठवत होती. तिथेही हेच चेहरे असतात, हेच मान डोलावणं असतं, आणि संपल्यावर "छान झालं, विचार पोचला" म्हणत हीच माणसं पार्किंगकडे जातात. विचार त्यांच्याकडे आधीच होता. तो घेऊनच ती आली होती. नंतर चहा पिताना सुपडूभाऊ म्हणाले, "लोक खूश होते, नाही का? पण बेटा, मला एक सांग, कुणी खोकलं का नाही?" मला कळलं नाही. ते म्हणाले, "अगं, माणूस गुंतला की खोकला दाबून धरतो आन मग मध्येच सुटतो. आज कुणी दाबलाच नव्हता." एवढं बोलून त्यांनी विचारलं की बक्षिसासोबत शाल आहे की नुसतंच सन्मानचिन्ह. त्या नाटकाला बक्षीस मिळालं, सुपडूभाऊंना अभिनयाचं मिळालं, पेपरात फोटो आला. तो त्यांनी दुकानाच्या काचेला आतून चिकटवला. मी त्या वेळी बाकी सगळं विसरून गेले. बक्षीस मिळालं की विसरायला सोपं जातं.

मग शिरपूरच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातून बोलावणं आलं. गावाचं नाव मी इथे लिहिणार नाही आणि कुणी विचारलं तरी सांगणार नाही, त्याचं कारण पुढे येईल. तिथल्या शाळेतल्या एका गुरुजींनी आम्हाला बोलावलं होतं. आम्ही जळगावहून एसटीने निघालो, चोपड्याला गाडी बदलली आणि कपड्यांची ट्रंक पहिल्या गाडीतच राहिली. टोप, नऊवारी, खोटे दागिने, सगळं त्या गाडीबरोबर कुठल्या कुठे गेलं. सुपडूभाऊ धुळ्याहून परस्पर आले होते. ते कपाळाला हात लावून बसले. "मी शर्टावर देवी करू का?"

गावातल्या बायकांना हे कळलं आणि त्यांनी सुपडूभाऊंना ताब्यातच घेतलं. श्रावणात कानबाई बसते तेव्हा नारळाची देवी करून तिला घरच्या बायका सजवतात, प्रत्येकीची काही ना काही वस्तू तिच्या अंगावर असते. तशीच त्यांनी शाळेच्या खोलीत सुपडूभाऊंना सजवायला घेतलं. एकीने नऊवारी आणली, एकीने पाटल्या, एकीने गळ्यातलं. रोज दहा वेळा स्वतःला साडी गुंडाळणारा हा माणूस हात पसरून उभा होता आणि चार जणी त्याच्याभोवती फिरत होत्या. "रोज तुम्ही बायासले साड्या दखाडतस, आज आम्ही तुमले नेसाडतस!" एक जण म्हणाली आणि सगळ्या फिदीफिदी हसल्या. सुपडूभाऊ म्हणाले, "ढिलं बांधा, माय, आत्तेच जेवेल शे!" सगळ्यात शेवटी एका बाईने स्वतःच्या नाकातली नथ काढून दिली आणि बजावलं, "हाई मन्ही सासूनी नथ शे, भाऊ. हरपनी ते मन्हं काही खरं नही." केस नव्हते, म्हणून पदर कपाळापर्यंत ओढून घेतला. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "टोप नाहीये, तर शेवटी डोक्यावरचा पदर मागे टाका, नथ काढा, आणि मग भाषण." त्यांनी मान हलवली. नथ हलू नये म्हणून अगदी बेताने हलवली.

शाळेच्या ओट्यावर नाटक झालं. दिवेलागण होऊन गेली होती, समोर पटांगणात लोक मांडी घालून बसले होते. बायका एका बाजूला, आणि त्यांच्याही मागे, भिंतीला टेकून, एक बाई एकटीच. ती उशिरा आली होती, तिला बस म्हणायला कुणी सरकलं नव्हतं, एवढं मला दिसलं होतं. देवी येते तो प्रवेश आला. जळगावला सुपडूभाऊ इथे घुमले होते. आज ते घुमले नाहीत. ओट्याच्या मधोमध आले आणि उभे राहिले. नुसते उभे. पुढे कधीतरी त्यांनी मला कारण सांगितलं... अंगावर पाच घरांचे दागिने होते, नथ सैल होती, हललो तर पडेल या भीतीने ते श्वाससुद्धा जपून घेत होते. पण समोरच्यांना ते कुठे ठाऊक! एक माणूस इतका स्थिर उभा आहे, की त्याच्यात कुणीतरी उभं आहे असं वाटावं. पटांगण गप्प झालं. कुणीतरी खोकला दाबला, तो सुटला, पुन्हा दाबला. नवऱ्याचं काम करणाऱ्या आमच्या नटाने पुढचं वाक्य म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

भिंतीजवळची ती बाई उठली. बसलेल्या लोकांतून वाट काढत आली, ओट्याच्या पायऱ्या चढली आणि सुपडूभाऊंच्या समोर बसली. पाया पडली नाही. वर बघून विचारलं, "रोट चुकनात म्हनीसन तू मन्हा पोरले लई गयी का, माय?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रोट म्हणजे कानबाईचा नैवेद्य, भाऊबंदांनी मिळून करायचा आणि त्यांनीच खायचा. तो एखाद्या वर्षी चुकला तर घरावर काही येतं, असं मानतात. गुरुजींनी नंतर सांगितलं, की एका श्रावणात ही बाई आजारी आईपाशी माहेरी होती, घरचे रोट राहिले, आणि पुढच्या थंडीत तिचा लहान मुलगा तापाने गेला. तेव्हापासून सासर आणि गाव त्याचा दोष तिलाच देत होतं. गुरुजींनी तिला समजावलं होतं. आमचं पत्रकही दिलं होतं. 'देवी कुणाला शिक्षा करत नाही, कारण अशी देवी नसतेच.' तिने ते वाचलं होतं. घडी करून ठेवलंही होतं.

मी ओट्याच्या कडेला, अंधारात उभी होते. मला कळलं की हे नाटकात नाही. मी सुपडूभाऊंना खूण केली. स्वतःच्या डोक्यावरून न दिसणारा पदर मागे ओढून दाखवला. एकदा, दोनदा. भाषणाची हीच वेळ होती. याहून चांगली वेळ कधी आली नसती... एक नट, एक फसलेली बाई, सगळं गाव साक्षीला. सुपडूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, हे मी शपथेवर सांगू शकते. मग त्यांनी खाली त्या बाईकडे पाहिलं. मग त्यांच्या घशातून आवाज आला. तो बायकी नव्हता, पुरुषी नव्हता, नेहमीचा नाटकी तर मुळीच नव्हता. "मी कोना पोरले लई जात नही, माय. तुन्हा काहीच दोष नही."

ती बाई तशीच बसून राहिली. मग तिने जो श्वास सोडला, तो मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेला असेल. ती उठली, पायऱ्या उतरली, आणि बायकांमध्ये आली तेव्हा दोन म्हाताऱ्या सरकल्या आणि मध्ये जागा झाली. ती तिथे बसली. सुपडूभाऊ वळून, पावलं जपून टाकत, शाळेच्या खोलीत निघून गेले. नाटक तिथेच संपलं. भाषण झालं नाही. कुणी टाळी वाजवली नाही. लोक कितीतरी वेळ नुसते बसून होते. आणि मी... लिहिताना कान तापतात, पण लिहिते... खूण करायला उचललेले माझे हात छातीशी जोडलेले होते. ते कधी जोडले गेले ते मला माहीत नाही. एवढी पत्रकं, एवढ्या सभा, आबांचं आयुष्य, आणि माझे हात एका साडीविक्याला जोडलेले.

खोलीत सुपडूभाऊ एकेक दागिना काढून जिचा तिला परत देत होते. नथ पहिली दिली. बायका मघासारख्या हसत नव्हत्या. त्या गेल्यावर ते बाकावर बसले आणि मला म्हणाले, "क्रांती, मी खोटं बोललो का गं?" हा टाळ्यांचा भुकेला माणूस त्या दिवशी मला "काम कसं झालं?" असं विचारायला विसरला. मी म्हटलं, "गाडी निघायची वेळ झाली, भाऊ."

जळगावला आमच्या गटाची बैठक झाली. एकाने सांगितलं की अंधश्रद्धेविरुद्धच्या नाटकात अंधश्रद्धा वाढवली गेली, खुलासा केलाच पाहिजे. गावात पत्रक वाटायचं ठरलं... ती देवी नव्हती, नट होता, नाव अमुक, धंदा अमुक. पत्रक मी लिहायचं, हे सांगायचीही कुणाला गरज वाटली नाही. मी बसले. पहिली ओळ लिहिली आणि मला म्हाताऱ्यांच्या मध्ये झालेली ती जागा दिसली. त्या पत्रकाने ती जागा पुन्हा बंद झाली असती. पण न लिहावं, तर एका बाईचं दुःख देवीच्या नावावर हलकं होऊ द्यायचं, आणि पुढच्या बाईला त्याच देवीच्या नावाने कुणी छळलं तर? आबांना विचारलं. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले आणि म्हणाले, "एकीच्या समाधानासाठी दहा जणींचं नुकसान करायचं का?" ते चूक बोलत नव्हते. मला अजूनही ते चूक वाटत नाहीत. मी पत्रक लिहिलं नाही. लिहिणार नाही असं बैठकीत सांगितलंही नाही. कुणी विचारलं की "प्रेसमध्ये आहे" म्हणायचे. आबा, तुम्ही हे पेपरातच वाचाल. ते कधीच प्रेसमध्ये नव्हतं.

सुपडूभाऊंना मात्र मी खरं सांगितलं. धुळ्याला गेले होते तेव्हा शेठने मला गाठलं. "बेटी, याला काय झालं? गिऱ्हाईक समोर बसलंय आणि हा साडी अंगावर घ्यायला तयार नाही. मागे गोदामात बसून पेट्या मोजतो." मी गोदामात गेले. सुपडूभाऊ म्हणाले, "लग्नसराई आली. ती बाई बस्ता बांधायला धुळ्यालाच येईल, दुसरीकडं कुठं जाईल? आन मी तिच्यासमोर पदर घेऊन उभा राहिलो, तिनं ओळखलं, तर? तर ते सगळं परत तिच्या अंगावर जाईल ना. तिला वाटंल, देवीनं सोडलं नव्हतं, दुकानातल्या माणसानं सोडलं होतं." मी त्यांना सांगितलं की पत्रक निघणार नाही. त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे मी चूक नाही केली?"

"ते मला माहीत नाही, भाऊ."

"तुला माहीत नाही?" ते खरोखर घाबरले. "तुलाच माहीत नसंल, तर मग कुणाला विचारू?"

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी मला दुकानाबाहेरच्या टपरीवर चहाला थांबवलं. चेहऱ्यावर काहीतरी लपवल्यासारखं हसू होतं. ती बाई आली होती. नणंदेच्या लग्नाचा बस्ता. गादीवरची दोन्ही पोरं जेवायला गेलेली, शेठने हाक मारली आणि सुपडूभाऊंना गोदामातून बाहेर यावं लागलं. तिनेच सांगितलं, अंगावर घेऊन दाखवा. त्यांनी साडी गुंडाळली, पदर घेतला, आणि वाट पाहिली.

"मग? ओळखलं?"

"नाही ना!" सुपडूभाऊ मांडीवर थाप मारून म्हणाले. "नीट बघितलं माझ्याकडं, आन म्हणते, तुमले मस्त दिसी ऱ्हायनी, भाऊ, मन्ही ननंदले नही शोभी!" आम्ही दोघं इतके हसलो की टपरीवाला बघायला लागला. मग ते म्हणाले, "हसत होती बरं का ती. दुकानात सगळ्यांशी भांडत होती, हसत होती. चांगली होती... मला बरं वाटलं. आन खोटं कशाला बोलू, थोडं वाईटपण वाटलं. एवढं काम केलं आन ओळखलं नाही." त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "पण आता तरी सांग. फसवलं का मी तिला?" मी पुन्हा म्हटलं, माहीत नाही. "तुझ्या आबांकडं छापलेलं असंल बघ कुठं," ते म्हणाले आणि उठून गेले. त्या दिवसापासून ते पुन्हा गादीवर बसायला लागले. नाटकात मात्र ते काम त्यांनी पुन्हा केलं नाही. गुडघे दुखतात म्हणायचे.

ते गेल्यानंतर गटाने त्यांच्या स्मरणार्थ जळगावात तेच नाटक केलं. नवा मुलगा उंच आहे, पाठांतर चोख आहे. त्याने न अडखळता टोप काढला आणि दीड पान भाषण खणखणीत म्हटलं. प्रत्येक शब्द माझा होता. मी तिसऱ्या रांगेत बसले होते आणि मला वाटत होतं की कुणी माझ्याकडे बघू नये. त्या भाषणात एकही गोष्ट खोटी नाही. आजही मी त्याखाली सही करीन. पण ते ऐकायला समोर कुणी नव्हतं, आणि म्हणायलाही कुणी नव्हतं. लोक उभे राहिले तेव्हा शेजारच्यांनी मला हाताला धरून उठवलं.

दुसऱ्या दिवशी मी धुळ्याला गेले. सांत्वनाला दारावर जायला मला इतका उशीर झाला होता, की घरातल्या सतरंज्या उचललेल्या होत्या आणि कमलकाकू, सुपडूभाऊंच्या पत्नी, शेंगा फोडत बसल्या होत्या. देवपुरात त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. "क्रांती आली का? ये, चहा ठेवते," त्या म्हणाल्या. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी स्वतःच त्या गावाचा विषय काढला. "गाव गप्प झालं होतं म्हणे. घरी आले तर गालाला हळद तशीच. मी म्हटलं, आधी तोंड धुऊन या, देवीबाई." त्या थोडं हसल्या, मग शेंगांचं सूप बाजूला सारलं. "झोपताना रोज विचारायचे. कमल, मी त्या बाईला फसवलं का? मी म्हणायचे, झोपा आता, सकाळी दुकान आहे. मला काय कळतं त्यातलं... पण काही तरी बोलायला पाहिजे होतं मी. तू शिकलेली आहे, नाटक तुझं होतं. मला सांगून टाक एकदा. फसवलं का त्यांनी?"

मी सांगायला लागले. पहिली गोष्ट अशी की हेतू महत्त्वाचा असतो. दुसरी गोष्ट, व्यक्तीला मिळालेला दिलासा आणि समाजावर होणारा परिणाम यांचा वेगवेगळा विचार केला पाहिजे. मी चांगलं बोलत होते. मुद्दे क्रमाने येत होते. काकू मान डोलावत होत्या, आणि ते डोलावणं माझ्या ओळखीचं होतं... नाट्यगृहात लोक डोलावतात ते. "हो का," त्या अदबीने म्हणाल्या. नवरा गेलेली ही बाई मला टाळी देत होती. तिसरी गोष्ट माझ्या तोंडातच राहिली.

"माहीत नाही, काकू," मी म्हटलं. "मला खरंच माहीत नाही."

काकू उठल्या, मागच्या गच्चीत गेल्या, आणि वाळलेली नऊवारी हातावर घेऊन आल्या. एकटीला घडी घालता येणार नाही एवढी लांब. तिचं एक टोक त्यांनी माझ्याकडे केलं. "धर. संध्याकाळी दुकानातून आले की चहाच्या आधी हे टोक ते धरायचे. सून धरते, पण ती फोनवर असते." मी टोक धरलं आणि दाराशी गेले. काकू खिडकीशी. "ढिली सोडू नको," त्या म्हणाल्या. "ते असे ओढायचे, मला वाटायचं आता हातातून काढून घेतात." मी दोन्ही मुठी आवळल्या आणि ओढलं. पलीकडून त्यांनी ओढलं. कापड खोलीभर ताठ झालं, त्यातून त्यांच्या हातांचा जोर माझ्या हातांत यायला लागला. आता एक पाऊल पुढे येऊन त्यांनी त्यांचं टोक माझ्या टोकाला आणून लावायचं होतं. काकू आल्या नाहीत. तिथेच उभ्या राहून ओढत राहिल्या, आणि मीही सोडलं नाही.